कपाट कुणाचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. रात्री नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. अंगावर गाऊन आणि त्यावर शेजारणीनं दिलेली ओढणी, एवढंच. दोन आठवड्यांनी पोलिसांना सोबत घेऊन आम्ही तिचं सामान आणायला गेलो. सासूबाईंनी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत साड्याच साड्या. लग्नातल्या, ओटीच्या, डोहाळजेवणाच्या, मानपानाच्या. मी मोजल्या नाहीत, पण साठेक तरी असतील. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग तीन कुडते, दोन सलवारी, एक स्वेटर आणि मुलीचे कपडे तेवढे काढून घेतले.

"आणि शालू?" मी विचारलं.

"विकता आला तर नेते, ताई. नेसून कुठं जाणार?"

शालू घेतला. परतताना रिक्षात ती म्हणाली, "एवढं कपाट भरलेलं, पण त्यातली एकसुद्धा साडी मी दुकानात जाऊन पसंत केलेली नव्हती."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना विचारलं, तुमच्याकडे किती साड्या, किती ड्रेस? उत्तरं भराभर आली. मग विचारलं, त्यांतले तुम्ही स्वतः निवडलेले, स्वतःच्या पैशांनी घेतलेले किती? बैठक एकदम शांत झाली. कुणी दोन म्हणालं, कुणी चार. एक आजी म्हणाल्या, "एकपण नाही. आधी आईनं घेतलं, मग सासूनं, आता सून घेते."

हल्ली 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द कानावर पडतो. मोजके, एकमेकांवर चालतील असे कपडे ठेवायचे आणि त्यांतच सगळं निभवायचं. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ही कल्पना १९७०च्या दशकात मांडली. न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी १९८५मध्ये नोकरी करणाऱ्या बायकांसाठी सात कपड्यांचा संच बाजारात आणला. कल्पना चांगलीच आहे. पण आपल्याकडे ती राबवायची तर आधीचा प्रश्न सोडवावा लागतो. कपाट माझ्या नावाचं, पण त्यात काय असावं हे ठरवतं कोण?

साधेपणाचा उपदेश ऐकला की मी जरा सावध होते, तेही याच कारणानं. बाईला मोजक्या कपड्यांत ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला एक लाल आलवण पुरे, असं समाजानं ठरवून टाकलं होतं. तोही साधेपणाच, पण लादलेला. विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केला तो २०२२मध्ये! बाई सधवा असेल तर जरीचं ओझं, विधवा झाली की पांढरं किंवा फिकट. दोन्हीकडे तिला विचारतं कोण? म्हणून 'कमी कपडे ठेवा' असं मी म्हणणार नाही. 'आपले आपण निवडा' असं म्हणेन. निवडायला लागलं की ते आपोआप कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

निवडायचं म्हणजे काय बघायचं? रंग आणि फॅशन नंतर. आधी हे, की यात मला पळत बस पकडता येईल का, उकिडवं बसता येईल का, सार्वजनिक संडासात सावरायला तिसरा हात लागेल का? लंडनमध्ये १८८१ साली 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा जास्त नसावं, अशी त्या बायकांची मागणी होती. आज हसू येतं, पण मागणी चालण्याफिरण्याच्या स्वातंत्र्याची होती.

आपली नऊवारी या बाबतीत शहाणी होती. काष्ट्यामुळे पाय मोकळे. शेतातलं काम असो, मासळीची पाटी असो, अडत नसे. ओच्यात भाजी, शेंगा, काहीही मावे आणि पैसे कनवटीला. म्हणजे खिसा नेसण्यातच होता. पाचवारीत काष्टा आणि ओचा गेला, ड्रेसमध्ये कनवटीही गेली. आता बाईचे पैसे, मोबाईल, किल्ली, सगळं पर्समध्ये. पर्स हातातून गेली की बाई रिकामी. आमच्याकडे आलेल्या त्या बाईची पर्स घरातच राहिली होती.

मी शिंप्याला कुडत्याला खिसा ठेवायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, फिटिंग बिघडेल." म्हटलं, बिघडू दे. आता माझ्याकडे कामासाठी चार सुती कुडते आहेत, सगळे खिशाचे. खाली तीन, दोन सलवारी आणि एक पँट, काळ्या, गडद निळ्या आणि मातकट रंगाच्या. कुठलाही कुडता कशावरही चालतो, म्हणजे बारा जोड्या झाल्या. एक खादीचं जाकीट. कोर्टाच्या तारखेसाठी दोन साड्या आणि दोन्हींवर चालणारा एक काळा ब्लाऊज. पावसाळ्यातही घरातल्या दोरीवर रात्रीतून वाळेल आणि इस्त्रीवाचून घालता येईल असंच कापड मी घेते. कारण धुणं आणि इस्त्री शेवटी कुणाच्या वाट्याला येते हे मी तुम्हाला सांगायला नको.

"मग हौस करायचीच नाही का?" एका मैत्रिणीनं रागानंच विचारलं. करायची की! माझ्याकडे आजीची इरकल आहे, वर्षातून एकदा नेसते आणि दिवसभर खुशीत असते. हौस आपली असली की त्या साडीचं ओझं होत नाही. ओझं होतं ते देण्याघेण्याच्या साड्यांचं. 'आपल्याला आलेली त्यांना द्या' म्हणत त्या घडी न मोडता घरोघर फिरतात. त्यांतल्या काही पुढे आधारगृहात देणगी म्हणून येतात, टिकल्यांच्या आणि टोचणाऱ्या. आधारगृहात लागतात परकर, नवी अंतर्वस्त्रं, सुती गाऊन, अंगभर सैल कुडते. देणगी देण्याआधी एक फोन करून काय हवं ते विचारा, एवढी विनंती.

आता कायद्याचं. स्त्रीधन बाईच्या पूर्ण मालकीचं असतं आणि नवऱ्याकडे ते फक्त ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यातल्या कलम १९(८) खाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. लग्नातल्या भेटींची यादी करून ठेवावी, असं हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५चे नियम सांगतात. ही यादी करणारी घरं मी फारच थोडी पाहिली. दागिने लिहिले जातात, साड्या 'किरकोळ' म्हणून सुटतात. त्या लिहा, फोटो काढून ठेवा. घरात मारहाण होत असेल तर दोन जोड कपडे आणि कागदपत्रांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे आधीच ठेवा. आमच्या कामात कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात तो हाच.

मैत्रिणींनो, येत्या लग्नसराईत नवरीला काय हवं ते तिलाच विचारून बघू या. पाचवी जरीची साडी देण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे टाकू या, नाहीतर तिच्या मापाचे, खिसे असलेले दोन कुडते शिवून देऊ या. आणि आज रात्री आपापलं कपाट उघडून बघा. त्यातलं तुम्ही निवडलेलं किती? आकडा कळवा. माझा तीन वर्षांपूर्वीचा आकडा सहा होता, चाळीसपैकी.