'बस बंद झाल्या तर...' : निबंधातला राहून गेलेला परिच्छेद



आठवी-नववीच्या वर्गात एक निबंध ठरलेला असतो, 'बस बंद झाल्या तर...'. मुलं तो जवळजवळ पाठ करूनच येतात. आधी थांब्यावरची गर्दी, मग रिक्षावाल्यांची मनमानी, मग दवाखान्यात न पोहोचलेले आजोबा आणि शेवटी 'संपकऱ्यांनी सामान्य जनतेला वेठीस धरू नये'. आपण बरोबरची खूण करतो आणि पुढची वही ओढतो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

जानेवारी 2019 मधली गोष्ट. 8 तारखेला 'बेस्ट'चा संप सुरू झाला. सुमारे 32 हजार कर्मचारी, तीन हजारांहून जास्त बसगाड्या आणि रोजचे 25 लाखांच्या आसपास प्रवासी. सगळंच ठप्प. नऊ दिवस चाललेला हा संप बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला.

माझ्या वर्गात माहुलची काही मुलं होती. तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर घाटकोपर-विद्याविहारकडची अशी कितीतरी कुटुंबं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवली गेली. घर बदललं, पण बऱ्याच मुलांची शाळा जुनीच राहिली. माहुलला लोकलचं स्टेशन नाही. कुर्ला किंवा चेंबूर गाठायचं म्हणजे बसच. रोज जाऊन-येऊन शेअर रिक्षाचे पैसे घरकाम करणारी आई कुठून देणार? त्या नऊ दिवसांत काही मुलं आलीच नाहीत.

संप मिटल्यावर मी हाच निबंध दिला. माहुलच्या एका मुलीने फार मनापासून लिहिला. आईचा बुडालेला खाडा, धाकट्या भावाचा हात धरून चाललेला रस्ता, नाकात बसणारा तो वास. शेवटचं वाक्य होतं, 'या लोकांना फक्त स्वतःचा पगार दिसतो.' मी 'छान!' असा शेरा दिला आणि निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याचे वडील कंडक्टर. नंतर त्याची वही पुन्हा उघडली. चारच ओळी होत्या. त्यातली एक, 'बाबा घरी होते पण घरात कोणी बोलत नव्हतं.' त्या ओळीतली शुद्धलेखनाची चूक मी लाल पेनाने गोल केली होती. ओळ मात्र वाचलीच नव्हती.

त्या दिवसांत संपावर 'मेस्मा' लागला होता. कर्मचारी वसाहतींतल्या कुटुंबांना घरं रिकामी करण्याच्या नोटिसा गेल्या होत्या. म्हणजे माझ्या एकाच वर्गात घर सुटलेली मुलगीही होती आणि घर जाण्याची भीती ऐकलेला मुलगाही. आणि मी एकाचंच दुःख वाचून दाखवलं.

तेव्हापासून मी या निबंधात एक परिच्छेद सक्तीचा केला आहे : 'हे का झालं?'

उत्तर शोधायला मुलांना जुनी वर्तमानपत्रं देते. मग त्यांना कळतं, की 2007 नंतर भरती झालेल्या कनिष्ठ श्रेणीतल्या कामगारांना तेच काम करून कमी पगार मिळत होता. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, अशीही मागणी होती. कारण तिकिटाच्या पैशांत बससेवेचा खर्च निघत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आलं. प्रवाशांना केवढा दिलासा! पण मग फरक कोणी भरायचा? चालकाने, प्रवाशाने की शहराने? हा प्रश्न एकदा विचारला की मुलं अशी काही भांडतात, की तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसचे कंत्राटी चालक संपावर गेले. सुरुवात झाली आपल्याच घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतून. मागणी पुन्हा पगाराचीच. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, हे तर मागच्यासारखंच आहे की!" मला वाटतं, त्या दिवशी तो निबंध शिकला.

काही पालक विचारतात, "बाई, मुलांना राजकारण शिकवताय का?" नाही हो. कोण बरोबर, ते मी सांगत नाही. नऊ दिवस बस बंद ठेवणं चूकच होतं, असं एखाद्याने शेवटी लिहिलं तरी पूर्ण गुण देते. माहुलच्या त्या मुलीचा राग खरा होता. तिची शाळा बुडाली, आईचा खाडा पडला, ते कुणीही नाकारू नये. पण उच्च न्यायालयानेसुद्धा कामगारांना नुसतं कामावर परत जा म्हणून सांगितलं नाही. मागण्यांवर बोलणी व्हावीत म्हणून मध्यस्थ नेमण्याची वाट काढली, आणि 16 जानेवारीला संप मिटला. दोन्ही बाजू ऐकायला न्यायालयाला वेळ असतो, तर आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासालाही असायला हवा.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती. यंदा हा निबंध द्याल तेव्हा 'का झालं?' हा परिच्छेद नसलेली वही परत द्या. आणि पालकहो, पुढच्या वेळी बस आली नाही, तर घरी चिडचिड जरूर करा, पण मुलांसमोर तो एक प्रश्नही विचारा. वर्गात कुणाचे बाबा कुठे काम करतात, हे आपल्याला नेहमी माहीत असतंच असं नाही.