डोंगरी बूट उतारावर उभे करून विकावा

पावसाळा तोंडावर आला की बूटवाल्यांकडे एक खास गिऱ्हाईक येऊ लागते. पाठीवर सॅक आणि तोंडी राजमाची, लोहगड, हरिश्चंद्रगड. दुकानदार नंबर विचारतो, खोका उघडतो, पोरगा सपाट फरशीवर चार पावले टाकतो आणि पैसे मोजतो. दहा मिनिटांत सौदा आटोपतो. आमची तक्रार या दहा मिनिटांविषयी आहे.

डोंगरी बुटाची खरी परीक्षा उतरताना होते. अंगाचा भार पुढे येतो, पाय बुटात घसरतो आणि अंगठ्याचे नख पावलागणिक पुढे आदळते. गड उतरेपर्यंत ते काळेनिळे पडते, पुढे गळतेही. मग ते गिऱ्हाईक दुकानालाच नाव ठेवते, आणि त्याची मित्रमंडळी दुसरीकडे जातात.

दोष बहुधा नंबर निवडण्यात असतो. आपल्या बाजारात चालतो तो इंग्रजी नंबर. एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि तोही फक्त लांबीचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद भरला. फर्मे मात्र पुष्कळदा विलायती मापाचे. चवडा दाबला गेला की गिऱ्हाईक मोठा नंबर मागते आणि आपण तो आनंदाने देतो. चवड्याला जागा मिळते, पण टाच सैल होते. चढताना फोड, उतरताना नख!

आमचे म्हणणे असे की माप संध्याकाळी, दोन्ही पायांचे आणि उभे करून घ्यावे. दिवसभरात पाय सुजतो आणि दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोजे जाड, डोंगरावर घालायचेच असावेत. सुकतळा बाहेर काढून त्यावर पाय ठेवायला सांगावे. चवडा कडेबाहेर गेला तर बूट अरुंद आहे, मोठा नंबर हा त्यावर इलाज नव्हे. नाडी सैल ठेवून पाय पुढे सरकवला असता टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. मग नाडी आवळून उतरत्या फळीवर उभे करावे. अंगठा पुढे टेकला तर तो जोड खोक्यात परत ठेवावा, विक्री गेली तरी चालेल.

जुन्या मालाविषयीही बोलले पाहिजे. पीयूचा तळ दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला जोड नवा दिसतो आणि गडावर त्याचा तळ भुगा होऊन निघतो. सवलतीच्या पाटीखाली हा ऐब झाकून विकणे आम्हाला मान्य नाही.

कारागीर बांधवांना यात संधी दिसते. मोठ्या कारखान्याला थोड्या जोडांसाठी फर्मा बदलणे परवडत नाही. धारावीतल्या किंवा कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या लहान कारखानदाराला ते जमू शकते. चवड्यात रुंद, टाचेत आवळ असा फर्मा करून घ्यावा. सह्याद्रीचा ओला, शेवाळलेला कातळ लक्षात घेऊन तळाला मऊ रबर लावावे. ते लवकर झिजते, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

फर्म्याला वेळ लागेल. फळी मात्र उद्याच टाकता येईल, एक टोक वीतभर उचलले की झाले.