भाकिताबाहेरचे न्यायमूर्ती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एखादी जागा रिकामी झाली, की दोन मतं मोठ्या आवाजात मांडली जातात. पहिलं मत असं: न्यायमूर्तीला नेमणारा राष्ट्राध्यक्ष कुठल्या पक्षाचा आणि न्यायमूर्तीची आजवरची वाटचाल कशी, एवढं कळलं की पुढची तीस वर्षं तो कुणाच्या पारड्यात मत टाकणार ते सांगता येतं, निकालपत्रं वाचत बसायची गरज नाही. दुसरं मत म्हणतं: न्यायाधीशाचं पूर्वायुष्य उकरायचंच कशाला? तो पंच आहे, नियम लावणं एवढंच त्याचं काम. २००५ साली सरन्यायाधीशपदाचे उमेदवार जॉन रॉबर्ट्स यांनी सिनेटच्या समितीपुढे बेसबॉलच्या पंचाचा दाखला दिला, आणि तेव्हापासून तो अनेकांच्या तोंडी बसला आहे.

पहिल्यांना भाकितवादी म्हणू, दुसऱ्यांना पंचवादी. दोघं एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण त्यांची चूक एकच आहे. माणूस जगता जगता काही शिकतो, हे दोघांनाही हिशेबात धरायचं नाही. भाकितवाद्यांच्या लेखी शिकणं नेमणुकीच्या दिवशी संपतं. पंचवाद्यांच्या लेखी शिकलेलं सगळं काळा झगा चढवताना बाहेर ठेवून येता येतं. त्या न्यायालयाचा इतिहास दोघांच्याही विरोधात साक्ष देतो.

आधी भाकितवाद्यांकडे वळू. १८९६ सालचा प्लेसी खटला घ्या. लुईझियानातल्या कायद्यानं रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे केले होते. सात विरुद्ध एक मतानं न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला आणि ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला अर्धशतकाहून जास्त काळाचं अभय दिलं. बहुमताचं निकालपत्र लिहिलं हेन्री बिलिंग्ज ब्राउन यांनी. जन्म मॅसॅच्युसेट्सचा, येलचे पदवीधर, कायद्याचे धडे येल आणि हार्वर्ड या दोन्ही ठिकाणी घेतलेले, शिवाय डेट्रॉइटमध्ये पंधरा वर्षं न्यायाधीश म्हणून काम केलेलं. एकट्यानं विरोध केला तो जॉन मार्शल हार्लन यांनी. हे केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घरातले. यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूनं कर्नल म्हणून लढले खरे, पण गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला त्यांचा विरोध होता, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीलाही होता. या दोन चरित्रांवरून १८९६ साली कुणी पैज लावली असती, तर कुणावर लावली असती?

हार्लन का बदलले, हे समजून घ्यायला त्यांचं आयुष्यच वाचावं लागतं. त्यांच्या वडिलांच्या घरात रॉबर्ट हार्लन नावाचा मिश्रवंशी मुलगा वाढला. पुढे तो सिनसिनाटीत नावारूपाला आला. युद्धानंतर केंटकीत मुक्त झालेल्या गुलामांवर टोळ्यांनी केलेले अत्याचार हार्लन यांनी पाहिले. १८७१ साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना विरोधक त्यांची जुनी भाषणं काढून विचारू लागले, की कालपर्यंत तुम्ही वेगळं बोलत होता ना? हार्लन यांनी बदल लपवला नाही. सुसंगत असण्यापेक्षा बरोबर असणं आपल्याला जास्त मोलाचं वाटतं, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. निवडणूक ते हरले. १८७५ साली पुन्हा लढले, पुन्हा हरले. १८७७ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणलं.

१८८३ साली पांथशाळा, नाट्यगृहं, रेल्वे यांत कृष्णवर्णीयांना समान प्रवेश देणारा कायदा न्यायालयानं रद्द केला, तेव्हाही एकटे हार्लन विरोधात होते. त्यांच्या पत्नी मॅल्विना यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे, की ते भिन्नमत काही केल्या कागदावर उतरेना. सरन्यायाधीश टॉनी यांची दौत हार्लन यांच्या संग्रहात होती. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल टॉनी यांनी याच दौतीतून लिहिला, असं मानलं जाई. मॅल्विना यांनी ती बाहेर काढून, पुसून, शाई भरून टेबलावर ठेवली. लेखणी चालू लागली.

हार्लन यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा मात्र माझा इरादा नाही. प्लेसीच्या त्याच भिन्नमतात चिनी लोकांबद्दलचा एक अवमानकारक परिच्छेद आहे. दोन वर्षांनी अमेरिकेत जन्मलेल्या वाँग किम आर्कला नागरिकत्व नाकारणाऱ्या भिन्नमतालाही हार्लन यांनी साथ दिली. ज्या अन्यायाच्या शेजारी त्यांचं आयुष्य गेलं, तो त्यांना दिसला. जो दूर होता, तो दिसला नाही. अनुभवाची ताकद आणि अनुभवाची मर्यादा दोन्ही इथे एकाच माणसात दिसतात, म्हणून हे उदाहरण मला इतर कुठल्याही उदाहरणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

ह्यूगो ब्लॅक यांची गोष्ट आणखी अवघड आहे. अलाबामाच्या या वकिलानं १९२३ साली कु क्लक्स क्लॅनचं सदस्यत्व घेतलं आणि दोन वर्षांनी सोडलं. १९३७ साली रूझवेल्ट यांनी त्यांना नेमल्यावर पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रानं हे प्रकरण पुराव्यानिशी छापलं. ब्लॅक यांनी रेडिओवरून देशाला खुलासा दिला आणि कामाला लागले. १९४० साली त्यांनीच फ्लोरिडातल्या चार कृष्णवर्णीयांकडून दमदाटीनं घेतलेले कबुलीजबाब फेटाळणारा निकाल लिहिला. १९६३ साली गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे, हे गिडियन खटल्यात त्यांनीच लिहिलं. मात्र १९४४ साली जपानी वंशाच्या नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवण्याचा लष्करी हुकूम वैध ठरवणारा कोरेमात्सू निकालही त्यांचाच आहे. भाकितवाद्यांनी या माणसाला कुठल्या खान्यात ठेवायचं ते ठरवावं.

भाकीत उलट दिशेनंही फसतं. फेलिक्स फ्रँकफर्टर व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, बाराव्या वर्षी अमेरिकेत आले, हार्वर्डला प्राध्यापक झाले. सॅको आणि व्हॅन्झेटी या स्थलांतरितांच्या मृत्युदंडाविरुद्ध त्यांनी जाहीर लेखन केलं. न्यायालयात ते नागरी हक्कांचे पहारेकरी ठरतील, अशी सर्वांची खात्री होती. १९४० साली याच फ्रँकफर्टर यांनी झेंड्याला सलामी न देणाऱ्या शाळकरी मुलांच्या विरोधात बहुमताचा निकाल लिहिला. तीन वर्षांत न्यायालयानं तो फिरवला. फिरवणारा निकाल लिहिणाऱ्या रॉबर्ट जॅक्सन यांच्याकडे कायद्याची पदवीच नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या छोट्या गावात वकिली करत ते वर आले होते. न्यायालयानं लोकप्रतिनिधींच्या वाटेत फार येऊ नये, हा फ्रँकफर्टर यांचा आग्रह आपल्याही घटनेपर्यंत पोचला. १९४७ साली आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत त्यांना भेटले, आणि कलम २१ मध्ये अमेरिकी घटनेतल्या व्यापक शब्दांऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली, त्यामागे या भेटीचा मोठा वाटा होता. एका न्यायमूर्तीच्या स्वभावाची किंमत पुढे भारतातल्या स्थानबद्धांनीही मोजली.

समान जन्म, समान जखमा म्हणजे समान मत, हेही खोटं. थर्गुड मार्शल आणि त्यांच्या जागी १९९१ साली आलेले क्लॅरेन्स थॉमस, दोघंही वंशभेदाच्या राज्यांत वाढलेले कृष्णवर्णीय. विद्यापीठ प्रवेशातल्या वांशिक प्राधान्याचं मार्शल यांनी समर्थन केलं. थॉमस यांनी ते सातत्यानं नाकारलं, आणि नाकारताना आपल्या समाजाच्या स्वाभिमानाचाच आधार घेतला. थॉमस यांचं मत मला पटत नाही. पण ते त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून काढलं आहे, हे नाकारणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

आता पंचवादी म्हणतील, म्हणजे चरित्राचा आणि निकालाचा संबंध नाही हेच सिद्ध झालं. मुळीच नाही. संबंध आहे, तो सरळ रेषेत नाही इतकंच. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन १९५० च्या दशकात मेयो क्लिनिकचे वकील होते. १९७२ च्या उन्हाळ्यात ते मेयोच्या ग्रंथालयात जाऊन गर्भपाताचा वैद्यकीय इतिहास वाचत बसले, आणि त्यांनी लिहिलेला गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा रो निकाल स्त्रीच्या हक्काइतकाच डॉक्टरच्या निर्णयाबद्दल बोलतो. मार्शल यांनी वकील म्हणून याच न्यायालयात ३२ खटले लढवले आणि २९ जिंकले. दक्षिणेतल्या गावांत जिवावर उदार होऊन काढलेल्या त्या दिवसांच्या हकिगती ते सहकाऱ्यांना ऐकवत. त्यांच्यासोबत दहा वर्षं बसलेल्या सँड्रा डे ओकॉनर यांनी १९९२ साली लेख लिहून त्या हकिगतींचा आपल्यावर झालेला परिणाम मोकळेपणानं नोंदवला. ओकॉनर रेगन यांनी नेमलेल्या, ॲरिझोनाच्या गुरांच्या रँचवर वाढलेल्या. स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी वरच्या क्रमांकानं मिळवूनही १९५२ साली वकिलांच्या कुठल्याही खासगी फर्मनं त्यांना वकील म्हणून नोकरी दिली नव्हती. मार्शल यांचं बोलणं त्यांना कळलं, याचं मला नवल वाटत नाही.

भाकितवाद्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २०१० साली जॉन पॉल स्टीव्हन्स निवृत्त झाले आणि एलेना केगन आल्या, तेव्हापासून मोठ्या वादग्रस्त खटल्यांत न्यायालयातली फूट नेमणाऱ्या पक्षांच्या फुटीशी जुळू लागली. आज पेपरातलं भाकीत बरेचदा खरं ठरतं. ते खरं का ठरतं, हा माझा प्रश्न आहे. १९९० साली थोरल्या बुश यांनी नेमलेले डेव्हिड सूटर अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेनं गेले आणि रिपब्लिकन पक्षात ‘यापुढे सूटर नकोत’ ही घोषणाच झाली. मग उमेदवारांची चाळण बारीक झाली. डेमोक्रॅट्सही मागे राहिले नाहीत. तरुण वयात हेरलेले, मोठ्या विद्यापीठांतून आलेले, फेडरल अपील न्यायालयात बसून शेकडो निकालांत आपला कल सिद्ध केलेले, असेच लोक वर येऊ लागले. भाकीत खरं ठरतं, कारण भाकीत खरं ठरावं म्हणूनच माणसं निवडली जातात. याला न्यायाधीशाच्या स्वभावाचा नियम म्हणणं म्हणजे पिंजऱ्यात वाढवलेल्या पाखराकडे बोट दाखवून पाखरांना उडता येत नाही असं म्हणणं.

आणि इतकी चाळण करूनही पूर्ण यश येत नाहीच. ट्रम्प यांनी नेमलेले नील गोर्सच डेन्व्हरचे. दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयात असताना मूलनिवासींच्या जमिनींचे खटले त्यांच्यासमोर येत. २०२० साली पूर्व ओक्लाहोमातला मोठा प्रदेश अजूनही क्रीक जमातीचं राखीव क्षेत्र आहे, हा मॅकगर्ट खटल्याचा निकाल त्यांनीच लिहिला. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क यांच्या पलीकडची भूमी ओळखणारा माणूस तिथे होता म्हणून हे झालं.

माझं म्हणणं असं, की या न्यायालयाला भाकितात बसणाऱ्या माणसांपेक्षा वेगवेगळी आयुष्यं जगून आलेली माणसं हवीत. १९५४ चं न्यायालय पाहा. सरन्यायाधीश अर्ल वॉरन तीनदा कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले. ब्लॅक, बर्टन, मिंटन माजी सिनेटर. त्यांतले बर्टन क्लीव्हलंडचे महापौरही होते. डग्लस शेअर बाजाराच्या नियामक आयोगाचे माजी प्रमुख, जॅक्सन आणि क्लार्क माजी ॲटर्नी जनरल, रीड माजी सॉलिसिटर जनरल, फ्रँकफर्टर प्राध्यापक. फेडरल अपील न्यायालयात आधी बसलेले एकटे मिंटन. आजच्या नऊ जणांत तसे न बसलेल्या एकट्या केगन. आठ जणांची कायद्याची पदवी हार्वर्ड किंवा येलची. आणि २००६ साली ओकॉनर गेल्यानंतर निवडणूक लढवून पद मिळवलेला एकही माणूस त्या न्यायालयात नाही.

राजकारणी आणले तर न्यायालयाचं राजकारण होईल, असा आक्षेप येईल. १९५४ चं उत्तर त्याच्या उलट आहे. शाळांतलं वंशविभाजन घटनाबाह्य ठरवताना एकही भिन्नमत नसावं, हे वॉरन यांनी ओळखलं, आणि माणसं सोबत घेण्याचं राजकारणात कमावलेलं कसब पणाला लावलं. केंटकीचे रीड डळमळत होते. वॉरन त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलले. निकालपत्र छोटं, कुणावर दोषारोप न करणारं ठेवलं. हृदयविकारानं इस्पितळात असलेल्या जॅक्सन यांच्याकडे मसुदा स्वतः नेला. १७ मे रोजी जॅक्सन इस्पितळातून उठून न्यायालयात आले आणि नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका मतानं बोलले. हेच वॉरन १९४२ साली राज्याचे ॲटर्नी जनरल असताना जपानी वंशाच्या लोकांना हटवण्यासाठी आघाडीवर होते, आणि त्याबद्दलचा पश्चात्ताप त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: समृद्ध आयुष्य माणसाला न्यायी बनवतंच याची हमी काय? हमी नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स यादवी युद्धात तीनदा जखमी झाले, प्रचंड वाचलेले, प्रचंड पाहिलेले. तरी १९२७ साली कॅरी बक या गरीब तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवताना त्यांचा हात थरथरला नाही. एकट्या न्यायमूर्तीची हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून तर नऊ जण बसतात. पण ते नऊ जण एकाच रस्त्यानं आले असतील, तर एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसण्याची शक्यता उरत नाही. होम्स यांच्या त्या निकालाला विरोध करणारे बटलर त्या न्यायालयातले एकमेव कॅथलिक होते. त्यांनी कारण लिहिलं नाही, पण मत वेगळं दिलं.

अमेरिकेच्या घटनेत न्यायमूर्तीसाठी वयाची अट नाही, अपील न्यायालयाच्या अनुभवाची नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. राज्याच्या विधिमंडळात कायदे घडवलेला माणूस, गरीब आरोपींची वकिली केलेली स्त्री, लहान शहरात वीस वर्षं खटले चालवलेला न्यायाधीश यांना कुठलंही कलम अडवत नाही. केटांजी ब्राउन जॅक्सन २०२२ साली आल्या, तोवर सरकारी खर्चानं गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या फेडरल वकिलांमधून एकही न्यायमूर्ती झालेला नव्हता. ही कोंडी राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरच्या यादीत आणि सिनेटच्या मतमोजणीत आहे, आणि पुढची जागा रिकामी होईल तेव्हा ती तिथेच फोडावी लागेल.