श्वास मोजावा, सकाळची वाट पाहू नये

आषाढातील पावसाळी रात्र. आठ महिन्यांचे बाळ दोन दिवसांपासून सर्दीने बेजार. आजी ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकते, आजोबा घड्याळाकडे पाहतात आणि ‘सकाळी दुकान उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवू’ असे ठरते. कोल्हापुरातील अनेक व्यापारी कुटुंबांत हा निर्णय असाच होतो. बहुधा तो निभावतो. परंतु ज्या रात्री तो निभावणार नाही, ती रात्र ओळखता आली पाहिजे.

ती ओळखण्याची साधी रीत गडचिरोलीत सिद्ध झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ज्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्या हाती वाळूचे घड्याळ व मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे आणि वेळेवर औषध देणे यांमुळे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

हिशेबात मुरलेल्या घरांना तर हे मुळीच अवघड नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मोजत बसू नये: श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हण्यासारखा आवाज, ओठ वा जीभ निळसर होणे, अंगावर न पिणे, गुंगी, झटके. धाप लागलेले मूल अचानक निपचित झाले, तर तो आराम नव्हे, थकवा असू शकतो. शेंगदाणा वा सुपारी तोंडात असताना ठसका लागून श्वास बिघडला, तर ठसका थांबल्यावरही तपासणी आवश्यक आहे.

अशा वेळी शेगडीची धुरी, नाकाशी कापूर, बळेच पाजलेला काढा टाळावा. बाळाला मांडीवर उभट धरून सी.पी.आर. किंवा जवळचे बालरुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाळाचा श्वास बदलल्याचे प्रथम बहुधा आईच्याच ध्यानी येते. पण वडीलधाऱ्यांच्या होकाराची वाट पाहण्यात तास जातात. म्हणून घरातील ज्येष्ठांनी सुनेला आजच सांगून ठेवावे, “अशा रात्री आम्हाला विचारत थांबू नकोस. आम्हाला उठव आणि निघ.”