दिलेल्या शब्दाची मुदत

फेब्रुवारी 2024 मध्ये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील समारंभात उच्च व तंत्रशिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील यांनी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून कमी असलेल्या कुटुंबांतील मुलींचे उच्च शिक्षण जूनपासून मोफत होईल, असे जाहीर केले. त्या रात्री यावल-रावेरच्या केळीबागांत राबणाऱ्या आणि शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारात कापूस पिकवणाऱ्या किती घरांत मुलीला अभियांत्रिकीस धाडण्याचा विचार प्रथमच उच्चारला गेला असेल, याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. शासननिर्णय निघाला 8 जुलै रोजी, आणि त्याने माफ झाले ते शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क; विकासशुल्क, वसतिगृह आणि खानावळ ही त्या माफीच्या बाहेर राहिली. निर्णय स्तुत्य आहे, मी त्याचा मनःपूर्वक समर्थक आहे. परंतु ‘मोफत’ या शब्दावर विसंबून केलेला निश्चय आणि प्रवेश पक्का झाल्यावर खिडकीतून हाती आलेला फीचा तक्ता, या दोहोंमधील अंतर भरून काढताना ज्या बापाला सावकाराचा उंबरठा चढावा लागतो, त्याची कैफियत ऐकून घेतली पाहिजे.

माझे प्रतिपादन असे की, प्रवेशाच्या दिवशी सवलतीच्या ज्या अटी लागू असतील त्या त्या विद्यार्थ्यापुरत्या अभ्यासक्रम संपेपर्यंत कायम राहिल्या पाहिजेत, आणि शासन व संस्था यांच्यातील देण्याघेण्याच्या विलंबाची झळ विद्यार्थ्यास लागता कामा नये.

यावर पहिला आक्षेप असा की, शिष्यवृत्ती हा अनुग्रह आहे, करार नव्हे. खजिन्याची स्थिती पालटली की देणाऱ्याने हात आखडता घेतल्यास तक्रार कसली? हा युक्तिवाद उद्योजकांच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच अमान्य केला आहे. उत्तर प्रदेश सरकारने नव्या वनस्पती तुपाच्या कारखान्यास विक्रीकरातून तीन वर्षे सूट देण्याचे आश्वासन दिले आणि पुढे ते फिरवले, तेव्हा मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, सरकारच्या शब्दावर विसंबून ज्याने आपली स्थिती बदलली त्याला दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे. भांडवल गुंतवणाऱ्या कारखानदारास जे संरक्षण मिळाले, ते आयुष्याची चार वर्षे गुंतवणाऱ्या शेतमजुराच्या मुलीस नाकारण्याचे कोणतेही नैतिक कारण मला दिसत नाही. मध्येच झालेली वाढ विद्यार्थी स्वीकारतात, मग घट का स्वीकारू नये, असेही कोणी विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे: वचन देणाऱ्याला आपले वचन वाढवता येते, कमी करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो थोरांच्या नावाने केला जातो: ज्याच्या अंगी जिद्द आहे त्याचे पैशावाचून अडत नाही, बाबासाहेबांकडे पाहा! पाहूच. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेस गेलेल्या आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचे अध्ययन अर्धवट टाकून परतावे लागले, आणि स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडन गाठू शकले ते 1920 साली. एवढ्या असामान्य बुद्धीच्या पुरुषाचीही तीन वर्षे ज्या कारणाने गेली, ते कारण धुळ्याच्या सामान्य बुद्धीच्या मुलाला पुरते उखडून टाकील, एवढाच बोध त्या चरित्रातून या प्रश्नापुरता निघतो. आज शुल्कसवलतीच्या योजनेला राजर्षी शाहूंचे नाव आहे. त्यांनी मदत दिली ती शिक्षण तडीस जावे म्हणून.

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा, आणि तो मी हलका लेखत नाही. शासनाकडील प्रतिपूर्ती रखडली तर प्राध्यापकांचे पगार कोठून द्यायचे? अडचण खरी आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा साठ टक्के भार उचलण्याचे ठरवले आणि पुढील वर्षापासून तो हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची व्यवस्था केली. केंद्राचा वाटा पूर्वीच्या मानाने पुष्कळ वाढला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. मधल्या हातांनी शिष्यवृत्तीच्या रकमांचा अपहार केल्याची उदाहरणे घडली असल्याने थेट खात्याचा आग्रहही समजण्यासारखा आहे. पण जो मुलगा त्याआधीच्या व्यवस्थेवर भरवसा ठेवून दाखल झाला होता, तो एका रात्रीत संस्थेचा ऋणको बनला: केंद्राचा हिस्सा एका वेळी, राज्याचा दुसऱ्या वेळी, आधार जोडणी अडली तर दोन्ही लांबणीवर, आणि तगादा मात्र त्याच्याच मागे. संस्थेचे येणे शासनाकडे आहे; ते वसूल करण्यासाठी मुलाचे हॉल तिकीट किंवा दाखला अडकवून ठेवणे म्हणजे तिसऱ्याच्या कर्जापोटी त्याचे भविष्य गहाण ठेवून घेणे होय.

उरला उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्न. भुसावळच्या रेल्वेतील एखाद्या कर्मचाऱ्याला वेतनाची जुनी थकबाकी एकाच वर्षी मिळाली, आणि त्या वर्षीच्या दाखल्यावरील आकडा मर्यादेच्या थोडा वर गेला, तर तेवढ्याने ते घर श्रीमंत होत नाही. सवलत मात्र संपूर्ण जाते. म्हणून उत्पन्नाची तपासणी प्रवेशाच्या वेळी एकदाच व्हावी, आणि पुढील वर्षांसाठी उत्तीर्ण होणे व हजेरी एवढ्याच अटी असाव्यात.

तजवीज अवघड नाही. प्रवेश निश्चित करतेवेळीच विद्यार्थ्याच्या हाती सहीशिक्क्याचा एक मराठी कागद पडावा, ज्यात अभ्यासक्रमाच्या प्रत्येक वर्षी शासन किती देईल, घरातून किती भरावे लागेल आणि कोणत्या बाबी माफीत नाहीत, हे आकड्यांनिशी लिहिलेले असेल. त्या कागदावरील शासनाची रक्कम मुदतीत न आल्यास संस्थेला व्याज मिळावे. ते शासनाने द्यावे, आणि त्यासाठीची तरतूद शिष्यवृत्तीच्या रकमेतून न काढता अर्थसंकल्पात स्वतंत्र करावी.