द्वेषाचा गुन्हा म्हणजे तंटा नव्हे

रमजानचा चाँद दिसण्याआधीच पोलीस ठाण्यांतून शांतता समितीच्या बैठकीचे निरोप येतात. मशिदीचे विश्वस्त, मंडळांचे अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील, दोन-चार पत्रकार अशी मंडळी जमतात. साहेब भोंग्याची वेळ सांगतात, मिरवणुकीचा मार्ग सांगतात, स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना आवरा म्हणतात. चहा होतो, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. अलीकडच्या वर्षांत शिवजयंती, होळी, रंगपंचमी, गुढीपाडवा आणि रमजान ईद महिना-दीड महिन्याच्या आत येऊ लागल्यामुळे या बैठकांचे महत्त्व वाढले आहे. बंदोबस्तावरच्या हवालदाराला स्वतःच्या घरचा सण मिळत नाही, हेही आपण पाहतो. त्याबद्दल कृतज्ञता हवीच.

या बैठकांत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. एखाद्याला त्याच्या नावावरून, दाढीवरून, तिच्या बुरख्यावरून किंवा जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली, त्याचा हातगाडा उलटवला गेला आणि तो माणूस ठाण्याची पायरी चढला, तर पुढे काय होते?

अनेकदा उत्तर दोन शब्दांचे असते: ‘मिटवून घ्या.’ समोरच्याला बोलावले जाते, दोघांना समज दिली जाते, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या जातात. गावात राहायचे आहे, धंदा करायचा आहे, हे ऐकवले जाते. सांगणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगलाच असतो. प्रकरण वाढू नये, सणात विघ्न येऊ नये, एवढेच त्याला हवे असते. पण इथेच गल्लत होते. तंट्याला दोन बाजू असतात, दोघांचेही थोडेफार चुकलेले असते, म्हणून त्यात तडजोड शोभते. बांधाचा वाद, पाण्याची पाळी, भाऊबंदकी हे तंटे. द्वेषाच्या गुन्ह्यात एक मारणारा असतो आणि एक मार खाणारा. मार खाणाऱ्याची चूक एवढीच, की तो अमुक घरात जन्मला. ही चूक तो कशी दुरुस्त करणार आणि तडजोड कशावर करणार?

फिर्याद हा शब्द आपल्या मराठीत फारसीतून आला. उर्दूत आजही त्याचा पहिला अर्थ आर्त हाक, मदतीसाठी घातलेली साद असा आहे. मराठीत तो कचेरीतला शब्द झाला. हवालदार, फौजदार, पंचनामा, जबाब, जामीन हे शब्दही त्याच वाटेने आले आणि ठाण्याच्या भाषेत मुरून गेले. त्या भाषेत आपली सरमिसळ केव्हाच झाली आहे. आता हाक ऐकून तिचा कागद व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

सातारकरांना याची किंमत ठाऊक आहे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले आणि जमाव रस्त्यावर आला. मशिदीवर हल्ला झाला, दुकाने आणि वाहने पेटली, माणसे जखमी झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले. बंदोबस्त आला, धरपकड झाली, गुन्हे नोंदवले गेले. त्याआधी तीनच महिने, जूनमध्ये, शेजारच्या कोल्हापुरात स्टेटसवरून रस्त्यावर दगडफेक आणि लाठीमार झाला होता. सांगली जिल्ह्यात २००९ साली ऐन गणेशोत्सवात कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली होती. ज्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि सतारीला सूर मिळतो, त्याच मिरजेत संचारबंदी लागली.

अशा घटना आभाळातून पडत नाहीत. त्याआधी लहान लहान गोष्टी घडून गेलेल्या असतात. कुठे भडकाऊ भाषण झालेले असते, कुठे एका समाजाकडून खरेदी करू नका असा संदेश फिरलेला असतो, कुठे पोराला अडवून घोषणा द्यायला लावलेली असते. त्या वेळी नोंद झाली, चौकशी झाली, दोषीला कोर्ट दिसले, तर पुढच्याला जरब बसते. ‘मिटवून’ टाकले, तर कोणीच विचारत नाही असा निरोप जातो. जमाव तो निरोप नीट वाचतो.

मिटवण्याची ही सवय लागण्यामागे आपली एक चांगली योजनाही आहे. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावचे भांडण गावातच मिटावे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, हा आबांचा विचार होता आणि तो आपल्या मातीतला होता. असंख्य वाद त्यामुळे संपले. फौजदारी प्रकरणांतही जे कायद्याने तडजोडीला पात्र आहेत, त्यांच्यापुरतीच ती मोहीम होती. पण तक्रारी कमी म्हणजे गाव चांगले, हे गणित आपल्या मनात घट्ट बसले. मग तक्रार करणाराच गावाचे नाव घालवतो असे वाटू लागते आणि ज्याच्या अंगावर वळ उठलेत त्यालाच समजूतदारपणा शिकवला जातो.

इंग्लंडच्या पोलिसांना याच्या उलटे गणित शिकावे लागले. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला आणि तपासाची दुर्दशा झाली. १९९९ साली मॅकफर्सन चौकशी अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद असल्याचे स्पष्ट म्हटले. अहवालाची एक शिफारस साधी होती: पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही एखादी घटना वंशद्वेषाची वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची. सिद्ध होते की नाही, ते पुढे तपासात आणि कोर्टात ठरेल. आज तिथे वंश, धर्म, लैंगिक कल, अपंगत्व आणि तृतीयपंथी ओळख या आधारांवरच्या गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी जाहीर होतात. आकडा वाढला की तिथे दोन शक्यता तपासतात. एक, द्वेष वाढला असेल. दुसरी, लोकांचा ठाण्यावर विश्वास बसून ते तक्रार करायला पुढे येत असतील. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण मोजल्याशिवाय आजार कळत नाही, एवढे त्यांनी मान्य केले.

आपल्याकडे सांगणारे कमी नव्हते. १९७० च्या भिवंडी, जळगाव, महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांनी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवले. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यातही तेच दुखणे होते. निदान दोनदा झाले, औषधाची पुडी मात्र फडताळातच राहिली.

कायदा आहे का? आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले. तहसीन पूनावाला खटल्यात १७ जुलै २०१८ रोजी न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला सांगितले. २८ एप्रिल २०२३ च्या आदेशाने द्वेषपूर्ण भाषणाबाबत कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहू नका, असे सर्व राज्यांना बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजासमाजांत वैर पसरवण्याला कलम १९६ आहे आणि पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला कलम १०३(२) मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. अडचणही आहे. कलम १९६ चा खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती मंजुरी अडली, की फाईल धूळ खाते.

तरीही हे काम कसे करायचे, हे आपल्या पोलिसांना नवे नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी १९८९ चा कायदा आहे. त्याच्या नियमांनुसार तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पीडिताला आर्थिक साहाय्य मिळते. विशेष न्यायालय असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा असतो. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे. अंमलबजावणीबद्दल दलित बांधवांच्या तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण या कायद्यामागचा विचार पाहा. जन्मावरून झालेला अपमान हा खासगी तंटा नाही, त्यात राज्याने पीडिताच्या बाजूने उभे राहायचे आहे. ज्या साताऱ्यात बालपणी शाळेत जाताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे चटके सोसले, त्या साताऱ्याला हा विचार वेगळा समजावून सांगायला नको. धर्मद्वेषाच्या गुन्ह्यांनाही हीच शिस्त लावता येईल. वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तपास आणि तिमाही आढावा या दोन गोष्टींसाठी तर नव्या कायद्याचीही गरज नाही. अधीक्षकांनी ठरवले तरी पुरे.

समाजाबरोबर काम करण्याचा धडाही आपल्याच राज्यात आहे. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. आपल्या शांतता समित्यांत तीच ती पुढारी मंडळी असतात. भिवंडीत वस्तीतली साधी हिंदू-मुस्लीम माणसे आणि ठाण्यातले पोलीस वर्षभर एकत्र बसत. नळाचे, गटाराचे, पोरांच्या मारामारीचे बोलत. ओळख सणाच्या आदल्या दिवशी करायची नसते, हे त्यांनी जाणले. डिसेंबर १९९२ मध्ये आणि त्यानंतरच्या जानेवारीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

आता थोडे आपल्या घरात पाहू. न्यायाच्या साक्षीत स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरोधात जावे लागले तरी डगमगू नये, अशी ताकीद कुराणातील सूरह निसामध्ये आहे. तेव्हा शिवछत्रपतींविषयी किंवा कोणाच्या दैवताविषयी वेडेवाकडे लिहिणारा पोरगा आपल्या मोहल्ल्यातला असेल, तर त्याला पाठीशी घालू नये. त्याच्यावर कारवाई होऊ द्यावी. ती कायद्याने व्हावी, जमावाने नव्हे, एवढाच आग्रह धरावा. दुसरी गोष्ट, ‘जाऊ दे, अल्लाह बघून घेईल’ म्हणून अन्याय गिळण्याला सब्र म्हणत नाहीत. तक्रार लेखी द्या, प्रथम खबरीची प्रत मागा, ती विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद झाली नाही, तर अधीक्षकांकडे लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवण्याचे बंधन आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांवर घातले आहे. हे हक्क मशिदीच्या फलकावर लावायला काय हरकत आहे?

आणि तिसरी गोष्ट भरतीची. सातारा-सांगलीच्या मैदानांवर रोज पहाटे शेकडो मुलेमुली पळतात, सैन्यासाठी आणि पोलिसांसाठी. पोलीस दलातला मुस्लिमांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले. ‘आपल्याला कुठे घेतात’ हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी मी ऐकतो. त्यांना मी सांगतो, आधी मैदानावर उतरा, परीक्षा द्या. महाराष्ट्र पोलिसांत महिलांना ३० टक्के आरक्षण मिळाल्यावर ठाण्यात जाणाऱ्या बाईला महिला पोलीस दिसू लागल्या. आपल्या ओळखीचे नाव अंगावरच्या पट्टीवर वाचले, की ठाण्याची पायरी थोडी कमी उंच वाटते. मात्र त्या मुलांवर विश्वास बसावा, ही जबाबदारी गणवेशाची आहे.

वाळवा तालुक्यातील गोटखिंडीत चार दशकांहून अधिक काळ मशिदीत गणपती बसतो. कडेगावच्या ताबुतांना हिंदू खांदे लागतात. हा आपला अभिमान आहे आणि तो पोलिसांनी नव्हे, गावांनी कमावला आहे. पण भाषणात ही उदाहरणे देऊन ठाण्यातल्या फिर्यादीला परत पाठवता येत नाही. सलोखा माणसे राखतात, समता कायद्याने राखावी लागते, आणि दुसरीवाचून पहिला फार काळ टिकत नाही.

ईद होईल, बंदोबस्त उठेल, शांतता समितीच्या खुर्च्या घडी घालून ठेवल्या जातील. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना एवढीच विनंती आहे. जिथे कोणताच सण नाही अशा एखाद्या साध्या महिन्यात ही समिती पुन्हा बोलवा, वस्तीतल्या साध्या माणसांना आणि बायकांना त्यात घ्या, आणि विषय एकच ठेवा: गेल्या वर्षभरात द्वेषातून घडलेल्या किती घटनांच्या तक्रारी आल्या, किती नोंदवल्या, किती ‘मिटवल्या’ आणि किती कोर्टात गेल्या. त्या बैठकीचा फोटो छापला नाही तरी चालेल. आकडे मात्र छापावेत.