पदरी पडलेले तीन दिवस

परदेशच्या प्रवासाला निघणारा मनुष्य दिवस मोजून घेतो. रजा मोजकी, खर्चावयाचा पैसा मोजका आणि आखून घेतलेला कार्यक्रमही मोजकाच. अशा काटेकोर हिशेबात एकही दिवस मोकळा सापडत नाही. आणि एखाद्या वेळी मात्र दोन-तीन दिवस अकस्मात असे पदरी पडतात, की त्यांचे काय करावे ते सुचत नाही. बर्फ पडते, संप होतो, विमान रद्द होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एका ज्वालामुखीची राख आकाशात पसरली, तेव्हा युरोपातील बहुतेक विमानतळ जवळजवळ सहा दिवस बंद होते आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली होती. एवढे मोठे संकट क्वचितच येते. परंतु लहान प्रमाणावर असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. मुलाकडे निघालेले वृद्ध आईबाप असोत की परिषदेस निघालेले प्राध्यापक असोत, अडकलेल्या प्रवाशाची अवस्था सारखीच. म्हणून या वेळी माझाच एक अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुवादविषयक एका परिसंवादासाठी मी लंडनला गेले होते. बुधवारी रात्री परतीचे विमान, गुरुवारी दिल्ली आणि तेथून लगोलग इंदूर असा बेत होता. शुक्रवारी आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. डावा डोळा पूर्वीच काचबिंदूने अधू झालेला. तेव्हा जे काही दिसावयाचे ते या एका डोळ्यावरच. ‘त्या दिवशी मी जवळ असेन’ असा शब्द मी तिला दिला होता. विमानतळावर पोचते तो फलकावर आमच्या विमानापुढे ‘रद्द’ अशी अक्षरे उमटलेली. पुढची जागा मिळाली ती एकदम शनिवारी रात्रीची.

अशा वेळी प्रथम काय करावे, हे थोडक्यात सांगते. खिडकीपासून हलण्यापूर्वी नव्या तिकिटाची नोंद लेखी मागून घ्यावी. ब्रिटनमधून सुटणारे विमान रद्द झाले तर, कारण कोणतेही असो, पर्यायी विमान मिळेपर्यंत प्रवाशाच्या जेवणाची व मुक्कामाची सोय विमानकंपनीने करावी, असा तेथील नियम आहे. परंतु नियम ठाऊक असणाऱ्यालाच तो उपयोगी पडतो. मी मागितले, तेव्हा मिळाले. व्हिसाची मुदत पुन्हा एकदा पाहावी. विमा उतरविला असेल तर त्या कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. रोजची औषधे किती दिवसांची उरली आहेत ते मोजावे. आणि पुढच्या प्रवासापासून आठवडाभराची औषधे जास्त घेऊन, ती हातातल्या पिशवीतच ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

एवढे सर्व गुरुवारी दुपारपर्यंत आटोपले, आणि मग खरी अडचण सुरू झाली. मन कशातच लागेना. हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडून दर अर्ध्या तासाने मी घरी फोन करीत होते. शेवटी स्वतःचीच लाज वाटून लंडनमध्ये पाहण्यासारख्या चौदा स्थळांची यादी केली. दोन दिवसांत चौदा स्थळे! रात्री आईला ती वाचून दाखविली. माझी आई तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवीत होती. यादी ऐकून ती म्हणाली, “अगं, चाळीस मुलांची सहल नेतानाही मी एका दिवशी एकच ठिकाण ठरवीत असे. येथे असतीस तर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली असतीस. आता तेथे आहेस, तर नीट पाहून घे. उद्या दिवसभर मला काहीच दिसावयाचे नाही. काय पाहिलेस ते मला सांग.”

यादी मी फाडून टाकली. शुक्रवारसाठी ब्रिटिश म्युझियममधील एकच दालन आणि शनिवारसाठी ग्रीनिच, एवढेच ठरविले.

शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता, म्हणजे इंदूरला सकाळी अकरा वाजता, शस्त्रक्रिया सुरू झाली. बाहेर मिट्ट काळोख होता. तासाभराने धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, सगळे नीट पार पडले. पट्टी उद्या सकाळी काढतील. किती दिसते ते तेव्हाच कळेल.” दहा वाजता मी संग्रहालयाच्या दाराशी उभी होते. हे संग्रहालय १७५९ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्याच्या कायमच्या दालनांना प्रवेशमूल्य नाही. मी थेट अमरावतीच्या दालनात गेले. आंध्रातील कृष्णाकाठच्या महास्तूपाच्या शिळा एकोणिसाव्या शतकात येथे आणल्या गेल्या. त्या काचेआड मांडलेल्या आहेत. तेथील एका शिळेपुढे मी तासभर बसले.

दुपारी आईला फोन लावला आणि सांगू लागले: फिकट, किंचित हिरवट छटेचा चुनखडक आहे. त्यावर संपूर्ण स्तूपच कोरला आहे. घुमट, कठडा, प्रवेशद्वारावरचे सिंह आणि दाराशी उभी असलेली बुद्धमूर्ती. मूळ स्तूपाचा घुमट आज उभा नाही. तो कसा दिसत असे, ते आपल्याला अशा शिळांवरूनच कळते. आईने मध्येच विचारले, “आणि शिळेच्या मागे काय आहे?”

मागे! पाहिलेल्या वस्तूच्या मागे काय आहे, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी शिळेची माहिती पुन्हा नीट वाचली आणि चकित झाले. मागची बाजूही कोरलेली आहे, आणि ते काम समोरच्यापेक्षा काही शतके आधीचे आहे. त्या बाजूला बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्षाखाली रिकामे आसन आहे आणि भोवती भक्त हात जोडून उभे आहेत. म्हणजे नंतरच्या कारागिरांनी जुनीच शिळा फिरवून तिच्या कोऱ्या बाजूवर नवे शिल्प घडविले. हे मी सांगितले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, “आता दिसले मला.”

वाचकहो, मी आजवर पुष्कळ संग्रहालये पाहिली आहेत, पण कोणाला तरी सांगावयाचे आहे अशा बुद्धीने पाहिलेले हे पहिलेच. आपल्यापुरते पाहताना नजर सरकत जाते. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पाहू लागलो, की रंग कोणता, आकार केवढा, मागे काय, असे प्रश्न आपोआप उभे राहतात.

शनिवारी पहाटे पाच वाजता फोन वाजला. पट्टी काढली होती आणि आईने समोरच्या दिनदर्शिकेवरची तारीख वाचली होती. काळा चष्मा लावावयाचा आणि काही दिवस डोळ्यांना ताण द्यावयाचा नाही, एवढेच पथ्य होते. हलक्या मनाने मी ग्रीनिचला निघाले.

ग्रीनिच हे नाव मी प्रथम आईच्याच तोंडून ऐकले. फळ्यावर पृथ्वीचे वर्तुळ काढून ती शून्य रेखांशाची उभी रेघ ओढीत असे. त्या रेघेपाशी जावयाला मी थेम्स नदी पायी ओलांडली, तीही नदीच्या खालून. १९०२ मध्ये खुला झालेला, सुमारे ३७० मीटर लांबीचा एक पादचारी बोगदा तेथे आहे. त्यातून जाण्यास पैसे पडत नाहीत. पलीकडे वर आले, की १८६९ मध्ये बांधलेले ‘कटी सार्क’ हे चहाची वाहतूक करणारे जुने शिडाचे जहाज दिसते, आणि मागे उद्यानातील टेकडीवर १६७५ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा.

वेधशाळेत तिकीट काढावे लागते, परंतु जॉन हॅरिसनची घड्याळे पाहावयाची तर ते वसूल होते. पूर्वी भर समुद्रात रेखांश समजत नसे, म्हणून जहाजे चुकत आणि फुटत. बंदरातली नेमकी वेळ दाखविणारे घड्याळ जहाजावर असेल, तर स्थानिक वेळेशी ती ताडून रेखांश काढता येईल, हे ठाऊक होते. पण डुलत्या जहाजावर बिनचूक चालणारे घड्याळ कोणालाच साधले नव्हते. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने या कोड्यासाठी वीस हजार पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. हॅरिसन हा सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतारच. त्याचे पहिले सागरी घड्याळ १७३५ मध्ये तयार झाले आणि ज्याने यश मिळविले ते चौथे १७५९ मध्ये. पहिली तीन भली मोठी घड्याळे आजही चालू ठेवलेली आहेत. चौथे, तळहाताएवढे घड्याळ मात्र मुद्दाम थांबवून ठेवले आहे. चालविले तर त्याचे भाग झिजतील. कधी कधी जपण्यासाठी थांबावे लागते, हे ते पाहताना मनात आले.

शून्य रेखांशाची धातूची पट्टी अंगणात आहे. वॉशिंग्टन येथे १८८४ मध्ये भरलेल्या परिषदेने ग्रीनिचच्या रेखांशाला सर्व जगाचा आरंभ ठरविले. गंमत अशी की, आजच्या उपग्रहांच्या हिशेबाने शून्य रेखांश या पट्टीच्या पूर्वेस सुमारे १०२ मीटरांवर पडतो. फळ्यावर ही रेघ ओढणाऱ्या आईला हे सांगावयाची मला फार उत्सुकता होती.

एकाला दहा मिनिटे कमी असताना मी तिला फोन केला. इंदूरला दिवेलागण होऊन गेली होती. मी रेघेवर उभी आहे असे कळताच तिने परीक्षा सुरू केली. “इंदूरचा रेखांश किती?” “पंचाहत्तर अंश, एकावन्न मिनिटे.” “मग इंदूरची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या किती पुढे?” एका अंशाला चार मिनिटे. मी बोटांवर हिशेब केला, “पाच तास तीन मिनिटे.” “मग आपण साडेपाच तास का धरतो?” “मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवरून.” “बरोबर,” ती म्हणाली. तिच्या स्वरात वर्गातला जुना आनंद होता.

वेधशाळेच्या छपरावर एक लाल गोळा आहे. थेम्सवरील जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून १८३३ पासून तो नेमक्या एक वाजता खाली पडतो. बाराला पंचावन्न मिनिटे झाली आणि तो खांबावर अर्धा चढला; अठ्ठावन्नला टोकाशी पोचला. मी सांगत होते, ती ऐकत होती. छायाचित्र पाठवू का, असे विचारले तर म्हणाली, “नको, डोळ्याला विश्रांती आहे. तू सांग.”

“पडला!” मी म्हणाले.

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग आईचे शब्द ऐकू आले, माझ्यासाठी नव्हे, भावासाठी, “अरे, भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे. मला येथून स्पष्ट दिसते आहे. लाव बघू नीट.”

वाचकहो, असे मोकळे दिवस तुमच्या पदरी पडले, तर चौदा ठिकाणांची यादी करू नका. एका दिवशी एकच ठिकाण ठरवा, आणि जे घरी राहिले त्यांच्यापैकी कोणाला ते सांगावयाचे, तेही आधीच ठरवा. रविवारी रात्री मी इंदूरच्या घरात पाऊल ठेवले, तेव्हा काळ्या चष्म्याआडून आईने प्रथम माझ्याकडे पाहिले आणि मग घड्याळाकडे. ते आता बरोबर चालत होते.